आपली गाडी घेऊन ब्रिटनहून स्पेनला राहायला जाताना

३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटिश पासपोर्ट असला की स्पेनला राहायला जाणं सरळ होतं. गाडी भरायची, निघायचं आणि पोचल्यावर तिथल्या कार्यालयात नाव नोंदवायचं. त्या रात्री ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश नागरिक युरोपियन युनियनच्या लेखी बाहेरच्या देशाचा झाला. आता कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस पाहुणा म्हणून राहता येतं, त्यापुढे व्हिसा लागतो. तुमची गाडी आणि तिच्यात भरलेलं घरसामान हाही आता आयातीचा माल आहे.

लंडन-बर्मिंगहॅमकडची मराठी मंडळी या बेताविषयी बोलायला लागली की पहिला प्रश्न रस्त्याचा असतो: कुठून जायचं, टोल किती, मुक्काम कुठे. माझ्या मते प्रवास हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड असतं ते तारखांचं गणित. स्पेनमध्ये तुम्ही ‘निवासी’ झालात ती तारीख एकदा पक्की झाली की तिच्यापासून बरीच घड्याळं एकाच वेळी चालू होतात. ओळखपत्राच्या अर्जाला एक महिना, गाडीच्या नोंदणीला ३० दिवस (स्थलांतराची सवलत घेतली तर ६०), ब्रिटिश लायसन्सला सहा महिने आणि घरसामान करमुक्त आणायला १२ महिने मिळतात. म्हणून आधी कागद पुरे करावेत आणि गाडी त्यानंतरच हलवावी.

व्हिसा हातात आल्याशिवाय घर सोडू नका

पाहुणा म्हणून स्पेनला जायचं आणि तिथे बसून निवृत्तांचा व्हिसा काढायचा, असं होत नाही. हा अर्ज तुम्ही राहता त्या देशातूनच, म्हणजे ब्रिटनमधल्या तुमच्या भागाच्या स्पॅनिश वकिलातीकडे करावा लागतो. निर्णयाला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, तेव्हा घराचा भाडेकरार संपवण्याची किंवा घर विकण्याची तारीख त्याआधी ठरवू नका.

बहुतेकांसाठी दोन वाटा आहेत. निवृत्त झालेल्यांसाठी किंवा साठवलेल्या पैशावर जगणाऱ्यांसाठी ‘नॉन-ल्युक्रेटिव्ह’ व्हिसा आहे. त्यासाठी उत्पन्न स्पेनच्या ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के लागतं. इप्रेम महिना ६०० युरो धरला तर अर्जदाराला महिना २,४०० म्हणजे वर्षाला २८,८०० युरो दाखवावे लागतात आणि सोबतच्या प्रत्येकासाठी वर्षाला आणखी ७,२००. नवरा-बायको दोघं असतील तर ३६,००० झाले. या व्हिसावर काम करता येत नाही, लॅपटॉपवर लंडनच्या कंपनीचं कामसुद्धा नाही. ज्यांना ते करायचंय त्यांनी २०२३ पासून सुरू झालेला ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा पाहावा. त्याची उत्पन्नाची अट स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट आहे आणि किमान वेतन वाढलं की तीही वाढते.

तिसरी वाट बंद झाली आहे. पाच लाख युरोंचं घर घेतलं की निवास मिळायचा, तो ‘गोल्डन व्हिसा’ ३ एप्रिल २०२५ पासून नाही. घर जरूर घ्या, पण सातबारा नावावर झाला म्हणून तिथे राहायचा हक्क येत नाही. दलाल गुळगुळीत बोलले तरी हे पक्कं ध्यानात ठेवा.

अर्जासोबत पोलीस दाखला (ब्रिटनमध्ये तो ‘अ‍ॅक्रो’ देते), डॉक्टरांचा दाखला, कुठलाही खर्च तुमच्या वाट्याला न टाकणारा खाजगी आरोग्यविमा आणि उत्पन्नाचे पुरावे लागतात. सरकारी दाखल्यांवर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, आणि अधिकृत अनुवादकाने केलेला स्पॅनिश अनुवाद हवा.

आपल्या लोकांचं एक जास्तीचं काम इथे निघतं. लग्न पुण्यात, नाशकात किंवा पणजीत झालेलं असतं, त्यामुळे विवाहाचा दाखला भारतातून अपोस्टिल करून आणावा लागतो. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. दाखला निव्वळ मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेली प्रत काढा, कारण इंग्रजीवरून स्पॅनिश करणारे अधिकृत अनुवादक सहज मिळतात. पासपोर्ट, विवाह दाखला आणि गाडीचं रजिस्ट्रेशन या तिन्हींवरची नावं अक्षरन् अक्षर जुळतात का, तेही तेव्हाच पाहा. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, अशी आपल्याकडे नेहमीची तऱ्हा असते, आणि स्पॅनिश खिडकीवरचा माणूस ती दोन वेगळी माणसं समजतो.

घरात एकाचा पासपोर्ट ब्रिटिश आणि दुसऱ्याचा भारतीय असेल तर आणखी एक गोष्ट आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये ‘इंडेफिनिट लीव्ह’, म्हणजे बेमुदत राहायचा परवाना, घेऊन राहणारी व्यक्ती सलग दोन वर्षांहून जास्त ब्रिटनबाहेर राहिली तर तो हक्क संपतो. मुलं ब्रिटनमध्येच राहणार असतील आणि परतायची शक्यता असेल, तर आधी ब्रिटिश नागरिकत्वाचा निर्णय करा, मग स्पेनचा.

गाडी न्यावी की विकावी?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी जुनी, सामान्य किमतीची असेल तर ब्रिटनमध्ये विका आणि स्पेनमध्ये डाव्या स्टिअरिंगची घ्या. उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथे चालवणं कायदेशीर आहे, पण दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना पुढचं दिसत नाही, पार्किंगचं तिकीट काढायला शेजारच्या सीटवर झुकावं लागतं, आणि पुढे विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. गाडी चांगली असेल, बरीच वर्षं चालवायची असेल किंवा ती अपंगत्वासाठी बदलून घेतलेली असेल, तर नेण्यात अर्थ आहे.

सवलत नसेल तर खर्च असा येतो: सीमाशुल्क १० टक्के (ब्रिटिश बनावटीचा पुरावा असेल तर शून्य होऊ शकतं), त्यावर २१ टक्के व्हॅट आणि वर नोंदणीकर. हा नोंदणीकर कार्बन उत्सर्जनावर ठरतो. किलोमीटरला १२० ग्रॅमपर्यंत तो शून्य आहे, मग ४.७५ टक्के, ९.७५ टक्के आणि २०० ग्रॅमच्या पुढे १४.७५ टक्के.

स्थलांतराची सवलत मिळाली तर हे सगळं माफ होतं. अटी मोजक्या पण कडक आहेत. तुम्ही सलग किमान १२ महिने युरोपियन युनियनबाहेर राहिलेले असावं, गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी, आणि आणल्यावर १२ महिने ती विकता, भाड्याने किंवा उसनी देता येत नाही. म्हणजे निघायच्या महिनाभर आधी नवी गाडी घेऊन तिकडे न्यायचा विचार महागात पडेल. हप्त्यांवरच्या गाडीचंही असंच आहे. ब्रिटनचं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, गाडी कोण सांभाळतो ते सांगतं, मालक कोण ते सांगत नाही. फायनान्स कंपनीचे पैसे फेडा, फेडल्याचं पत्र घ्या आणि गाडीची मूळ पावती जपा.

निघण्याआधीचे कागद

सर्वांत आधी उत्पादक कंपनीकडून गाडीचं ‘सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी’, म्हणजे गाडी युरोपच्या मानकांनुसार बनल्याचा दाखला, मागवा. ते यायला वेळ लागतो आणि त्याच्याशिवाय स्पेनमधली तांत्रिक तपासणी लांबते. एमओटीची, म्हणजे गाडीच्या ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीची, मुदत भरपूर शिल्लक असू द्या, कारण ब्रिटनची एमओटी स्पेनमध्ये करून मिळत नाही आणि ती संपली की विम्यालाही प्रश्न येतो.

विमा कंपनीला लेखी विचारा. ऑगस्ट २०२१ पासून युरोपियन युनियनमध्ये ब्रिटिश गाडीला ग्रीन कार्ड (परदेशात विमा असल्याचा पुरावा) लागत नाही, पण बऱ्याच पॉलिसी परदेशात ठरावीक दिवसच पूर्ण संरक्षण देतात आणि त्यानंतर फक्त कायद्यापुरतं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरतं. शिवाय तुम्ही ब्रिटनचे रहिवासी राहिला नाहीत की मूळ करारच बदलतो. कायमचं स्थलांतर आहे हे लपवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

गाडी कायमची बाहेर जात असल्याचं डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याला, कळवायला व्ही५सीचा व्ही५सी/४ हा भाग पाठवतात. उरलेलं लॉगबुक तुमच्याकडेच ठेवा, स्पेनमध्ये ते लागणार आहे. पाठवण्याआधी सगळ्या पानांच्या प्रती काढा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा वाहनकर परत मिळतो.

घरसामानाची यादी करा, प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे वापरलेली किंमत लिहा आणि यादी स्पॅनिशमध्ये करून सही करा. ‘किचन, ५ खोकी’ असं मोघम लिहू नका. ‘स्टीलची भांडी, मिक्सर, प्रेशर कुकर’ असं लिहा. किमान सहा महिने वापरलेल्या सामानाला सवलत आहे, कोऱ्या खोक्यातल्या टीव्हीला नाही.

ब्रिटनच्या करखात्यासाठी देश सोडत असल्याचा पी८५ फॉर्म भरा, कौन्सिल टॅक्स (नगरपालिकेचा घरकर) बंद करा, जीपीला (आपल्या भागातल्या डॉक्टरांना) कळवा आणि परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवा. पूर्वी १५ वर्षांनी मतदानाचा हक्क जायचा, जानेवारी २०२४ पासून ती मर्यादा उठली आहे. सगळ्यांच्या लायसन्सच्या तारखाही पाहून घ्या, कारण बदलून घेताना लायसन्स चालू मुदतीचं असावं लागतं.

डिकीत काय ठेवायचं नाही

ब्रिटनहून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ नेणं बंद आहे. म्हणजे तूप, पनीर, चक्का, खवा, सगळं मागे ठेवायचं. घरी कढवलेल्या तुपाची बरणी सीमेवर टाकून द्यावी लागली तर जीव हळहळतो, त्यापेक्षा ती शेजारी देऊन या. ताजी फळं, भाज्या आणि रोपं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत. कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी त्यातच आली. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळं मात्र या नियमातून वगळलेली आहेत, तेव्हा गृहप्रवेशाचा नारळ खुशाल न्या. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला यांसारखे दळलेले कोरडे मसाले नीट बंद करून, नाव लिहून ठेवा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

१०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर सीमेवर घोषित करावीच लागते. जून २०२१ पासून त्या हिशेबात किमान ९० टक्के सोनं असलेली नाणी आणि ९९.५ टक्के शुद्धतेच्या लगडी, बिस्किटंही येतात. अंगावरचे दागिने वेगळे, पण आजीने दिलेली नाणी आणि लॉकरमधली बिस्किटं घेऊन निघणार असाल तर आधी किंमत काढा आणि पावत्या सोबत ठेवा.

कुत्रा-मांजर असेल तर मायक्रोचिप, रेबीजची लस आणि लसीनंतर २१ दिवसांची प्रतीक्षा, मग प्रवासाच्या आधीच्या १० दिवसांत पशुवैद्याकडून आरोग्य प्रमाणपत्र, असा क्रम आहे.

गाडीवर मागे ‘यूके’ स्टिकर लावा. स्पेनसाठी ते नंबरप्लेटवर यूके छापलेलं असलं तरी वेगळं लागतं. जुनं जीबी चालत नाही. हेडलाइटवर प्रकाश वळवणाऱ्या पट्ट्या, हाताशी चमकतं जॅकेट (डिकीत नव्हे, आत) आणि धोक्याचा त्रिकोण ठेवा. सामान भरल्यावर टायरमधली हवा वाढवा आणि गाडीच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आत राहा.

बोटीने की फ्रान्समधून?

पोर्टस्मथहून सांतांदेर किंवा बिल्बाओला आणि प्लिमथहून सांतांदेरला ब्रिटनी फेरीजच्या बोटी जातात. बोटीवर रात्र काढून थेट स्पेनमध्ये उतरता. दुसरी वाट डोव्हरहून बोटीने दीड तासात किंवा फोकस्टनहून बोगद्याच्या रेल्वेने ३५ मिनिटांत कॅलेला, मग रूआं, तूर, बोर्दो करत इरूनच्या सीमेपर्यंत हजार किलोमीटरहून थोडं जास्त, आणि तिथून आलिकांतेपर्यंत आणखी सात-साडेसातशे.

सामान घेऊन कायमचं जाताना मी बोटच सुचवेन. तिकीट महाग वाटतं, पण डिझेल, टोल आणि मुक्काम धरले की फरक बराच कमी होतो. खरं कारण मात्र सीमाशुल्काचं आहे. बोटीने गेलात तर युनियनची पहिली सीमा स्पेनचीच असते, त्यामुळे सामानाची यादी, सवलतीचा अर्ज आणि व्हिसा एकाच देशाच्या अधिकाऱ्यांसमोर येतात. फ्रान्समधून गेलात तर माल फ्रान्समध्ये शिरतो आणि सवलत स्पेनकडून हवी असते. तो गुंता सोडवायला सीमाशुल्क एजंट आधीच ठरवावा लागतो. स्पेनमध्ये कधी शिरलात याचा शिक्काही मग पासपोर्टवर नसतो, त्यामुळे तिकिटं आणि टोलच्या पावत्या जपाव्या लागतात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर (आतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या बाहेरच्या सीमांवर) बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी ईईएस नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांची आहे, दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांची नाही. खिडकीवर पासपोर्ट देतानाच व्हिसाचं पान उघडून दाखवा आणि निवासासाठी जातोय हे सांगा. नाहीतर ९० दिवसांच्या पाहुण्यांत तुमची गणती होईल.

फ्रान्समधून गेलातच तर: मोटरवेवर १३०, पाऊस असेल तर ११०. गावांत कुठे कुठे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, फलक असो वा नसो. पॅरिस ते नॉर्मंडीच्या ए१३वर टोलनाकेच नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत पैसे भरायचे असतात. एकटे चालवत असाल तर टोलचा टॅग घ्याच, कारण तिकिटाचं यंत्र तुमच्या उलट्या बाजूला असतं. स्पेनमध्ये ए७ला समांतर जाणारा एपी-७ तारागोना ते आलिकांते २०२० पासून आणि कातालोनियातला मोठा भाग सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त आहे. मोटरवेवर १२०ची मर्यादा, आणि शहरात दोन्ही दिशांना एकेकच पदर असलेल्या रस्त्यावर ३०.

पोचल्यावरचा क्रम

पहिलं काम नगरपालिकेत, म्हणजे आयुन्तामिएन्तोमध्ये, ‘पाद्रोन’वर, म्हणजे गावच्या रहिवाशांच्या नोंदवहीत, नाव घालणं. भाडेकरार किंवा घराचं खत आणि पासपोर्ट घेऊन जा. पुढच्या प्रत्येक खिडकीवर हा पाद्रोनचा दाखला मागतात आणि बहुतेक ठिकाणी तो तीन महिन्यांच्या आतला हवा असतो.

मग टीआयई, म्हणजे परदेशी निवाशाचं ओळखपत्र. प्रवेशानंतर महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो. त्यासाठी ‘थिता प्रेव्हिया’, म्हणजे आधी घेतलेली वेळ लागते, आणि मोठ्या शहरांत त्या वेळा मिळवणं जिकिरीचं असतं. सकाळी लवकर पुन्हा पुन्हा पाहत राहा आणि प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

गाडीसाठी ‘हेस्तोर’ नेमा. पैसे घेऊन सरकारी कामं करून देणारा हा परवानाधारक माणूस असतो, आणि इथे त्याची फी वाचवण्यात शहाणपण नाही. गाडीचा प्रवास असा होतो: सीमाशुल्काचं आयातपत्र सवलतीसह, मग आयटीव्ही (स्पेनमधली गाडीची तांत्रिक तपासणी), मग नोंदणीकराच्या माफीचा अर्ज, नगरपालिकेचा वाहनकर आणि शेवटी डीजीटीकडून (स्पेनच्या वाहतूक खात्याकडून) स्पॅनिश नंबर. आयटीव्हीत हेडलाइट रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायच्या पद्धतीचे, कायमचे बदललेले हवेत, पट्ट्या चालत नाहीत. मागचा धुक्याचा दिवा डावीकडे किंवा मध्ये असावा आणि वेग किलोमीटरमध्ये दिसावा. नंबर मिळाला की विमा स्पॅनिश करा आणि ‘व्ही१६’ हा जोडणी असलेला पिवळा दिवा घ्या. १ जानेवारी २०२६ पासून स्पॅनिश नोंदणीच्या गाड्यांना त्रिकोणाऐवजी तोच सक्तीचा आहे.

लायसन्सचा अर्ज शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मार्च २०२३च्या करारामुळे ब्रिटिश लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं; फक्त एक छोटी वैद्यकीय-मानसिक चाचणी द्यावी लागते. सहा महिने उलटले की जुनं लायसन्स वैध राहत नाही आणि तुम्ही घरीच बसता.

पुण्यातला फ्लॅट आणि स्पेनचा कर

एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून जास्त स्पेनमध्ये राहिलात की तुम्ही करनिवासी झालात आणि जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र झालं. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, स्पेनचं १ जानेवारीला. त्यामुळे जुलैच्या आधी गेलात की नंतर, याने पहिल्या वर्षाचा कर बदलतो. ब्रिटनमधलं आयएसए, म्हणजे तिथलं करमुक्त बचत खातं, स्पेनमध्ये करमुक्त नाही. पेन्शनमधून ब्रिटनमध्ये करमुक्त निघणारी २५ टक्के रक्कमही स्पेनमध्ये करपात्र आहे, म्हणून ती काढायची असेल तर करनिवासी होण्याआधी काढावी की नाही, हे सल्लागाराशी बसून ठरवा.

भारतातल्या मालमत्तेचं आपल्या लोकांनी जास्त जपायला हवं. परदेशातली बँकखाती, गुंतवणूक आणि स्थावर मालमत्ता, या तिन्हींपैकी कुठल्याही एका गटाची किंमत ५०,००० युरोंवर गेली तर ‘मोदेलो ७२०’ हे माहितीपत्रक पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत भरावं लागतं. पुण्यातला फ्लॅट, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) ठेवी, म्युच्युअल फंड, सगळं त्यात येतं. भारतात एनआरई व्याज करमुक्त आहे म्हणून स्पेनमध्येही असेल, असं समजू नका. आईवडिलांचं घर वारशाने मिळालं आणि तुम्ही स्पेनचे रहिवासी असाल, तर स्पेनचा वारसाकर तुम्हाला विचारतो. त्याची रक्कम तुमच्या स्वायत्त प्रांतावर बरीच अवलंबून असते, म्हणून कुठे घर घ्यायचं हे ठरवताना समुद्राबरोबर हेही पाहा.

ब्रिटिश राज्य पेन्शन स्पेनमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते. भारतात कायमचं राहणाऱ्याची ती आहे तिथेच गोठते. निवृत्तीनंतर कुठे राहावं याचा हिशेब मांडताना हा फरक वीस वर्षांत मोठा होतो.

ब्रिटनच्या एनएचएसवरचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवरचा, हक्क निवासावर असतो, तो निघताच संपतो. राज्य पेन्शन घेणाऱ्यांना ब्रिटनकडून एस१ फॉर्म मिळतो आणि त्यावर स्पेनची सरकारी आरोग्यसेवा मिळते. बाकीच्यांना वर्षभराच्या निवासानंतर ‘कोन्वेनियो एस्पेसियाल’मध्ये पैसे भरून सामील होता येतं, ६५च्या आत महिना ६० युरो आणि त्यापुढे १५७. तोवर खाजगी विमा चालू ठेवा.

पहिल्या ओळखपत्राची मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून ९० दिवस नंतरपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. नंतरच्या ९० दिवसांवर विसंबू नका. उत्पन्नाचे पुरावे पुन्हा मागतात, विमा चालू असल्याचं पत्र मागतात आणि ताजा पाद्रोन मागतात. ते तिन्ही कागद महिनाभर आधी काढून ठेवा आणि वेळ मिळेल त्या पहिल्याच दिवशी अर्ज द्या.